नवरा गेल्यावर बायकोची फॅमिली पेन्शन: दोघं असतानाच करायची कामं आणि नंतरची धावपळ

माझे वडील रेल्वेतून रिटायर झाले होते, ते गेले फेब्रुवारीत आणि आईची फॅमिली पेन्शन चालू झाली सप्टेंबरात. मधले सात महिने तिच्या हातात स्वतःचा असा एक रुपया आला नाही, आणि ते कुठल्या नियमामुळे नव्हे तर दोन साध्या गोष्टींमुळे. एक म्हणजे पेन्शनचं खातं वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं, आणि दुसरं म्हणजे पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, आईचं लग्नात ठेवलेलं नाव होतं आणि आधारवर माहेरचं, जे घरी सगळे हाक मारतात ते. बँकेत काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, या दोघी कोण? आई माझ्या शेजारीच उभी होती. ते वाक्य तिनं ऐकलं तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरू शकत नाही, म्हणून तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक पेन्शनरच्या घरी गेले की मी आधी त्यांचा पीपीओ बघायला मागते.

खाली जे लिहिलंय त्यातले दर आणि नियम मुख्यतः केंद्र सरकारचे आहेत, म्हणजे रेल्वे, पोस्ट, ऑर्डनन्स फॅक्टरी, इन्कम टॅक्स वगैरे. राज्य सरकारवाल्यांची चौकट बरीचशी तशीच आहे, फरक जिथे आहे तिथे सांगते. खाजगी कंपनीत किंवा गिरणीत काम करून पीएफची पेन्शन घेणाऱ्यांसाठी, म्हणजे ईपीएस-९५ वाल्यांसाठी, पुढे वेगळं लिहिलंय कारण तिथे हिशोबच वेगळा. आणि हे फक्त बायकांसाठी नाही हो. बायको नोकरीत होती, ती गेली, तर नवऱ्यालाही फॅमिली पेन्शन मिळते, कित्येक पुरुषांना हे माहीतच नसतं. नवऱ्याला स्वतःची पेन्शन असली तरी मिळते, दोन्ही पेन्शनी एकत्र घेता येतात.

आधी पीपीओ शोधा आणि तो दोघांनी मिळून वाचा

पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, रिटायर झाल्यावर मिळालेला तो कागद किंवा छोटं पुस्तक. केंद्राच्या पेन्शनरचा नंबर १२ आकडी असतो. हल्लीच्या रिटायर लोकांचा ई-पीपीओ डिजीलॉकरमध्ये येतो, पण जुन्यांचा मात्र कपाटात, साड्यांच्या खाली, पिशवीत पिशवी करून ठेवलेला असतो आणि तो कुठे आहे हे एकट्या नवऱ्यालाच माहीत असतं. तो काढा, चष्मा लावा, आणि चार गोष्टी बघा. जोडीदाराचं नाव आहे का, स्पेलिंगसकट बरोबर आहे का, जन्मतारीख आहे का, आणि फॅमिली पेन्शनचे दोन आकडे लिहिलेत का, एक वाढीव दराचा (सुरुवातीची काही वर्षं जास्त मिळते तो), कुठल्या तारखेपर्यंत ते, आणि एक नेहमीच्या दराचा.

जन्मतारखेकडे लोक दुर्लक्ष करतात आणि ती खूप महागात पडते. केंद्राच्या नियमात ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के, आणि हे फॅमिली पेन्शनरलाही लागू आहे. पण पीपीओवर आजींची जन्मतारीखच नसेल तर बँकेला कसं कळणार की त्या ८० च्या झाल्या? मग वाढ अडकून पडते.

नाव नसेल किंवा चुकीचं असेल तर दुरुस्ती बँक करत नाही, शेवटचं जे ऑफिस होतं तिथे अर्ज द्यावा लागतो. रेल्वेत त्याला सेटलमेंट सेक्शन म्हणतात. राज्य सरकारवाल्यांचं प्रकरण जुन्या ऑफिसमार्फत महालेखापालांकडे जातं, मुंबई किंवा नागपूर, विदर्भ आणि मराठवाड्याचं नागपूरला. पेन्शनर स्वतः हयात असताना, स्वतःच्या सहीनं, लग्नाचा दाखला किंवा आधार पॅन जोडून अर्ज केला तर हे काम तुलनेनं सोपं असतं. तो गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी बाईला आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं.

रिटायर झाल्यावर दुसरं लग्न झालेलं असेल, पहिली पत्नी वारली म्हणून, तरी त्या पत्नीला हक्क आहे, फक्त तिचं नाव पीपीओत घालून घ्यायला हवं. मात्र पहिली बायको हयात आहे, घटस्फोट झालेला नाही आणि दुसरं लग्न केलंय, तर हिंदू विवाह कायद्यात ते दुसरं लग्न ग्राह्यच नाही आणि त्या बाईला फॅमिली पेन्शन बसत नाही. तिच्या मुलांचा हक्क वेगळा, तो राहतो.

नावाचा गोंधळ, हाच खरा अडथळा

आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत, त्यामुळे ७० च्या पुढच्या बायकांची निदान तीन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पीपीओवर सासरचं, आणि आधार काढताना कॅम्पमधल्या मुलानं ऐकून टाइप केलं ते तिसरं. कुठे नावापुढे बाई लागतं, कुठे नाही, कुठे मधलं नाव आधी. एका कागदावर पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक आणि रेशनकार्ड या पाचांवरची नावं एकाखाली एक जशीच्या तशी लिहून काढा, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. लिहून काढल्याशिवाय फरक डोळ्याला दिसत नाही, मला सात महिने दिसला नव्हता.

पीपीओवरचं नाव धरून बाकीचे बदला, कारण आधार आणि बँक बदलणं सोपं, पीपीओ बदलणं अवघड. फक्त स्पेलिंगचा फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र बऱ्याचदा चालतं, पण पूर्ण नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणावा, तो अर्ज ऑनलाइन करता येतो. आमच्या आईचं शेवटी गॅझेटनंच सुटलं.

जॉइंट खातं

पेन्शनचं खातं पीपीओत नाव असलेल्या जोडीदाराबरोबर जॉइंट करता येतं, आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कोणीही खातं चालवतं) किंवा फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर (आधी पहिला खातेदार, तो गेल्यावर दुसरा) पद्धतीनं. त्याचा मोठा फायदा असा की पेन्शनर गेल्यावर बायकोला नवीन खातं उघडावं लागत नाही, त्याच खात्यात फॅमिली पेन्शन येते, आणि केंद्राच्या पेन्शनरांसाठी तर लांबलचक क्लेम फॉर्मसुद्धा भरायला लागत नाही, साधा अर्ज आणि मृत्यूचा दाखला पुरतो. मुलाबरोबर जॉइंट खातं काढून उपयोग नाही. कित्येक घरांत मुलगा बँकेची कामं करतो म्हणून त्याचं नाव घालतात आणि आईचं राहून जातं.

आणि नॉमिनी म्हणजे फॅमिली पेन्शनचा हक्कदार नव्हे, हे नीट समजून घ्या. नॉमिनी खात्यातले पैसे किंवा पेन्शनची थकबाकी घेतो. फॅमिली पेन्शन कोणाला हे नियमच ठरवतो, मृत्युपत्र करून ती भावाला किंवा पुतण्याला देता येत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये रेल्वेच्याच एका केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. तेव्हा कोणी आजीला सांगत असेल की आजोबांनी नाव दुसऱ्याचं लावलंय, तुला काही मिळणार नाही, तर घाबरायचं कारण नाही.

माणूस गेल्यानंतरचे पहिले दिवस

घरात दुःख असतं, कागदाचं नाव कोणाला नको वाटतं, तरी दोन गोष्टी कोणीतरी एकानं अंगावर घ्याव्यात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. उशीर झाला की लेट फी, मग परवानग्या, वर्षाच्या पुढे गेलं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते. दाखल्यावर मृताचं नाव पीपीओप्रमाणे छापलंय ना ते तिथेच काउंटरवर वाचून बघा, आणि आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

दुसरं, बँकेला लगेच लेखी कळवा आणि एटीएम कार्ड बाजूला ठेवा. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची मिळते आणि फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे १२ तारखेला गेले तर १३ पासून. न कळवता पुढचे दोन-तीन महिने पूर्ण पेन्शन येत राहिली आणि आपण काढत राहिलो तर ती जादाची रक्कम नंतर आईच्या पेन्शनमधून कापतात, आणि तेव्हा ती कपात फार जड जाते.

बँकेत काय न्यायचं

पीपीओत नाव असेल तर वारस दाखला किंवा सक्सेशन सर्टिफिकेट लागत नाही. कोणी मागितलं तर कुठल्या नियमाखाली मागताय ते लिहून द्या म्हणा, नम्रपणे पण ठामपणे. न्यायचं ते इतकंच: साधा अर्ज, त्यात पीपीओ नंबर, गेल्याची तारीख, खाते नंबर आणि जोडीदाराचं नाव; मृत्यू दाखला; पीपीओची झेरॉक्स आणि मूळ दाखवायला; आधार, पॅन; फोटो; आणि जास्त पैसे आले तर परत करीन असं हमीपत्र. खातं जॉइंट नसेल तर क्लेम फॉर्म भरावा लागतो, बाईच्या नावानं खातं उघडावं लागतं आणि वेळ जातो.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बँकेतून बाहेर पडू नका. आम्ही पहिला अर्ज तसाच देऊन आलो होतो, दोन महिन्यांनी तो सापडलाच नाही. शाखेतली माणसं पेन्शन बदलत नाहीत, ती कागद बँकेच्या सेंट्रल पेन्शन सेंटरला पाठवतात, तेव्हा तिकडे कुठल्या तारखेला पाठवलं हेही विचारून लिहून ठेवा. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे उशिराच्या काळाचं वर्षाला ८ टक्के व्याज बँकेनं स्वतःहून द्यायचं असतं, मागायची वाट न बघता. बँक नाहीच हलली तर केंद्राच्या पेन्शनरांसाठी सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रार होते, तक्रारीचा नंबर मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं.

राज्य सरकारवाल्यांनी हाच अर्ज कोषागारात, मुंबईत असाल तर अधिदान व लेखा कार्यालयात द्यायचा, बँकेत नाही. रेल्वेवाल्यांनी मेडिकल कार्ड आणि विधवा पास यांचा अर्जही त्याच वेळी करून टाकावा, नाहीतर ते मागे पडतं आणि गरज नेमकी दवाखान्यात गेल्यावर कळते.

किती मिळणार, हिशोब घरीच करा

समजा शेवटचा मूळ पगार ५०,००० होता. त्यांची मूळ पेन्शन २५,०००. फॅमिली पेन्शनचा नेहमीचा दर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १५,०००, वर महागाई. कमीत कमी ९,००० मिळतेच. पण सुरुवातीला वाढीव दर असतो, ५० टक्के, म्हणजे इथे २५,०००. हा वाढीव दर पेन्शनर गेल्यापासून ७ वर्षं किंवा ते असते तर ६७ चे झाले असते त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल ते. ६३ व्या वर्षी गेले तर चारच वर्षं वाढीव. ६७ नंतर गेले तर वाढीव दर नाहीच, पहिल्या महिन्यापासून ३० टक्के. नोकरीत असताना गेले तर वाढीव दर १० वर्षं. राज्यात नेहमीचा दर ३० टक्केच आहे, वाढीव दर कधीपर्यंत ते तुमच्या पीपीओवरच्या तारखेवरून बघा.

आता एक गोष्ट जी बँकेतसुद्धा चुकते. रिटायर होताना बहुतेकांनी पेन्शनचा काही भाग विकलेला असतो, कम्युटेशन म्हणतो ते, ४० टक्क्यांपर्यंत. मग त्यांना दरमहा मूळ २५,००० च्या जागी १५,००० मिळत असतात. हे कम्युटेशन त्यांच्याबरोबर संपतं. बायकोच्या फॅमिली पेन्शनमधून एक रुपयाही त्यासाठी कापायचा नाही. आमच्या शेजारच्या काकूंची पेन्शन चालू झाली तेव्हा आकडा बघून मला शंका आली, पासबुक आणि पीपीओ घेऊन बसलो तर कम्युटेशनची कपात तशीच चालू होती, अर्ज दिला, पुढच्या दोन महिन्यांत फरकासकट मिळालं. पहिली फॅमिली पेन्शन आली की बँकेकडून पेन्शन स्लिप मागून घ्या, मूळ किती, महागाई किती, कपात किती, हे प्रत्येक ओळीत तपासा.

मार्चची पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येते, त्यामुळे ३१ मार्चला खातं रिकामं दिसलं तर काळजी करू नका.

ईपीएस-९५ वाल्यांसाठी

इथे रक्कम लहान पण ज्यांना मिळते त्यांना तीच मोठी असते. पेन्शनर गेला की विधवेला किंवा विधुराला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, आणि कमीत कमी १,००० रुपये, ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून आहे. म्हणजे २,४०० मिळत होते तर १,२००, आणि १,६०० मिळत होते तर ८०० नव्हे, १,०००. शिवाय २५ वर्षांखालची मुलं असतील तर एका वेळी दोन मुलांना विधवा पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी. माणूस नोकरीत असतानाच गेला असेल तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पेन्शन बसते, दहा वर्षांची अट फक्त स्वतःच्या पेन्शनसाठी आहे. हे न कळल्यामुळे तरुण विधवा अर्जच करत नाहीत, कंपनीतले लोक पीएफचे पैसे देऊन मोकळे होतात. अर्ज फॉर्म १०-डी वर, मृत्यू दाखला, आधार आणि बायकोच्या खात्याच्या तपशिलासह. पेन्शन आता देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत घेता येते, जानेवारी २०२५ पासून, तेव्हा आई गावाला राहायला गेली तर खातं तिकडचं द्या.

बायको नसेल, किंवा तीही गेली असेल

केंद्राच्या नियमात जोडीदारानंतर क्रम मुलांचा, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, २५ वर्षांपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत. अपंग मूल, जे स्वतः कमावू शकत नाही, त्याला जन्मभर. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी त्याचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र आपल्या हयातीतच ऑफिसच्या रेकॉर्डला लावून घ्यावं, ही मी हात जोडून विनंती करते. आईवडील दोघं गेल्यावर त्या मुलाच्या वतीनं धावायला कोण असेल सांगता येत नाही.

अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीलाही २५ नंतर मिळू शकते, तिचं उत्पन्न महिन्याला ९,००० अधिक महागाई एवढ्याच्या आत असलं पाहिजे. घटस्फोटाचा दावा आईवडिलांपैकी कोणी हयात असताना दाखल झालेला असेल आणि निकाल नंतर लागला तरी चालतं, पण दावाच नंतर केला तर नाही.

दत्तकाबद्दल फार गैरसमज आहे. नवरा गेल्यावर बायकोनं मूल दत्तक घेतलं तर त्या मुलाला फॅमिली पेन्शन नाही, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं नागपूरच्या एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या केसमध्ये हा निकाल दिलाय. नोकरीत असलेल्या किंवा पेन्शन घेणाऱ्या बाईचा नवऱ्याशी घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू असेल तर ती लेखी देऊ शकते की माझ्यानंतर नवऱ्याआधी मुलांना पेन्शन द्या, हा बदल जानेवारी २०२४ चा.

पेन्शनर बेपत्ता असेल, विसरभोळेपणात घरातून निघून गेलेली माणसं असतात अशी, तर सात वर्षं थांबायचं नाही. पोलिसांत तक्रार नोंदवल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंब अर्ज करू शकतं, पोलिसांचा तपास लागला नाही असा रिपोर्ट आणि हमीपत्र जोडून.

चालू झाल्यावर

फॅमिली पेन्शनवर टॅक्स बसतो पण ती पगाराच्या रकान्यात नाही, इतर उत्पन्नात दाखवायची. एक तृतीयांश किंवा ठराविक रक्कम, जी कमी असेल ती वजा होते, जुन्या पद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत आता २५,०००. पगारवाल्यांचं स्टँडर्ड डिडक्शन तिला लागू नाही, रिटर्न भरणारी मुलं इथे हमखास चुकतात.

आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता तिच्या स्वतःच्या नावानं. १ ते ३० नोव्हेंबर, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून. राज्य सरकारवाल्यांची यादी बँकेत येते, त्यावर सही करून यायचं. ईपीएसवाल्यांनी वर्षात कधीही द्यावा, तिथून पुढे १२ महिने चालतो. घरी यायला हवं असेल तर पोस्टमन ७० रुपयांत येऊन करून जातो.

आईचा पहिला दाखला करायला आम्ही बँकेत गेलो तेव्हा तिचा अंगठा लागेना. मशीनवर ठेवला, नाही. पदराला पुसून ठेवला, नाही. दुसरा हात, चार बोटं, काही नाही. पन्नास वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून रेषाच पुसट झालेल्या. ती मला म्हणाली, आता परत विचारतील का मी कोण? मग घरी येऊन मोबाइलवर जीवन प्रमाण ॲप आणि आधारचं फेस ॲप टाकलं, तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं, चष्मा काढायला लावला, आणि डोळ्यांची एकदा उघडझाप केली तेवढ्यात झालं. स्क्रीनवर तिचं नाव आलं, पीपीओवर आहे तसंच, गॅझेटमध्ये छापलंय तसंच. त्याची प्रिंट काढून तिनं स्वतः फाइलमध्ये लावली, वडिलांच्या पीपीओच्या वर.